साडेअकरा घरांची ठिकरी

आमच्या गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या पोरीएवढी येडी मुलगी साऱ्या नाशकात सापडायची नाही. अकरावीत असताना तिने ऑइलपेंटचा डबा आणला आणि स्वतःच्या दारापासून माझ्या उंबऱ्यापर्यंत ठिकरी खेळायला आखतात तशी घरं फरशीवर रंगवली. साडेअकरा. एका घराला एक वर्ष. "आजी, साडेपाच वर्षं डॉक्टर व्हायला, पुढची तीन मुलांची डॉक्टर व्हायला, शेवटची तीन मुलांच्या कॅन्सरची." प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी लाल रेघ, ती प्रवेश परीक्षा. ठिकरी रेघेवर पडली की बाद. अर्धं घर नेमकं सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दारात आलं. ते खवळले, "गॅलरी काय तुझ्या बापाची आहे?" ही म्हणते, "काका, साडेअकरा वर्षांनी पुसून देते ना!"

या खुळाचं मूळ हरसूलची तिची मामेबहीण. त्या लेकराचा ताप महिनोन्‌महिने हटेना, अंगावर काळेनिळे डाग. कोणी नजर म्हणालं, कोणी अशक्तपणा. निघाला रक्ताचा कॅन्सर. उपचार लांबले, पण दोन वर्षांनी डोक्यावर बोटभर केस घेऊन ती आमच्या गॅलरीत आली आणि हिला ठिकरीत तीनदा हरवून गेली. तेव्हापासून ही भाजीवाल्यालासुद्धा धरून सांगते, "बरा होतो हो! लहान मुलांचा पुष्कळदा बरा होतो, वेळेवर कळलं तर!" दिसेल ते मूल उचलून वजनाचा अंदाज करते, कारण औषध म्हणे किलोवर ठरतं. मी गुडघा पुढे केला तर म्हणाली, "आजी, तुमचं वय माझ्यात बसत नाही."

पहिल्या खेपेला परीक्षेत थोडक्यात राहिली. रडली नाही. कौलाची खापरी पहिल्या लाल रेघेवर ठेवली आणि पुन्हा अभ्यासाला बसली. झाडूवालीसुद्धा खापरीला वळसा घालायची. बाप म्हणाला, "फार्मसीला टाकतो." मी त्याला तोंडावर विचारलं, "अजून एक वर्ष पोरीला दोन भाकरी घालायला जड होतंय का रे?"

यंदा कॉलेजची यादी लागली त्या सकाळी ती मोबाइल घेऊन बाहेर आली. वाकून रेघेवरची खापरी उचलली, पहिल्या घरात टाकली आणि एका पायावर उडी घेतली! गॅलरीत अशी बोंब उठली की खालची माणसं वर पळत आली. सेक्रेटरी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते, "रेघेवर पाय देऊ नकोस गं!"

जाताना पाया पडायला आली. मी म्हटलं, "माझ्या दाराशी पोचशील तेव्हा मी नव्वदीला असेन. वाट बघायला सांगू नकोस."

"सांगत नाही. दार तेवढं उघडं ठेवा."

आता गॅलरी शांत आहे. पायांनी मधल्या घरांचा रंग उडत चाललाय. माझ्या उंबऱ्यापुढचं शेवटचं घर मात्र अजून नव्यासारखं आहे. मी त्याला वळसा घालून आत जाते. गुडघा दुखतो, पण जाते.