खुंटीवरची वीणा

आमच्या गावात कुणी काम अर्धवट टाकून निघालं, की मागून हमखास आवाज येतो, "काय रं, वीणा अडकवून चाललास?" सगळे हसतात. मीही हसत आलो. हे बोलणं कुठून आलं ते नव्या पोरांना ठाऊक नाही. जुन्यांना ठाऊक आहे, पण चुकीचं. खरं काय ते फक्त मला माहीत आहे, आणि ते सांगायचं मी आजवर टाळलं. आधी भीती होती, मग लाज, आणि पुढं एवढा काळ गेला की सांगून आता कुणाचं काय भलं होणार, असं मन समजावत राहिलो. पण परवा माझ्या नातीनं विचारलं, "आजोबा, सप्त्यात ज्यानं वीणा अडकवली होती, तो म्हातारा आपल्याच घरातला होता ना?" मी "हो" म्हणालो. त्या एका शब्दानंतर मला चैन पडेना, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आमचं गाव कर्जतहून कोंडाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर. वडील मी लहान असतानाच गेले. घरात आजा, आई आणि मी. भाताची थोडी जमीन, ती आजा कसायचा. दर माघात विठ्ठलाच्या देवळात सप्ता असायचा, सात दिवस अखंड नाम चालायचं. हे सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, हा तिथला नेम. पहारे घरांना वाटून दिलेले होते आणि ते बापाकडून मुलाकडे येत. बारा ते दोनचा पहारा आमचा. माघातलं ऊन काही फार नसतं, पण त्या वेळी देऊळ ओस असे. लोक जेवायला गेलेले, टाळकरी पेंगुळलेले. आजा म्हणायचा, "गर्दीत समदेच नाव घेत्यात. कोण नसंल तवा घेणारा आपल्या घरचा हाय." या गोष्टीचा त्याला अभिमान होता. दुसरा कसलाही अभिमान मी त्याच्यात पाहिला नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. खोपोलीच्या एका कारखान्यात अर्ज दिला होता आणि तिथून बोलावणं येण्याकडे डोळे लावून होतो. पगाराची नोकरी, आईच्या हातचा डबा, महिन्याला ठरलेला पैसा. याखेरीज तेव्हा मला काही सुचत नव्हतं. त्या वर्षी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडताना आज्याच्या पायावर कोयता बसला. हळद भरून पाय बांधला, तरी सूज उतरेना. म्हणून पहारा माझ्याकडे आला. वीणा माझ्या गळ्यात घालताना तो एवढंच म्हणाला, "आता कोण बी हाक मारू दे, पाय इथून हलवायचा नाय." मग खांबाला टेकून, दुखरा पाय गोणपाटावर लांब करून तो बसला. थोड्या वेळानं त्याचा डोळा लागला.

टाळकरी जेवायला गेले होते. एवढ्यात आमच्या आळीतला बाळू धापा टाकत दारात आला. तो त्याच कारखान्यात कामाला होता. खालच्या आवाजात म्हणाला, "अरं, उभा काय राहिलास? साहेब आज माणसं घेतोय. चार वाजेपरत हाय फकस्त."

"मला पहारा हाय रं."

"तुझा पहारा देव करील. पण तुझी नोकरी देव करनार हाय का? नीघ, गाडी सुटंल." एवढं बोलून तो आपली पाळी गाठायला पळाला.

मी उभाच होतो. तोंडानं नाम चालू होतं, पण मन खोपोलीला पोचलं होतं. आज्याला उठवणं सोपं होतं. जखमी पायावर त्याला कशाला उभं करायचं, अशी दया मला आली, असं मी पुढं कैक वर्षं स्वतःला सांगितलं. खरं ते निराळं होतं. तो नको म्हणेल याची मला भीती वाटली. गाभाऱ्याच्या दाराशेजारी खांबाला एक लाकडी खुंटी होती. वीणा जमिनीला टेकता कामा नये, एवढाच नेम आहे ना, असं मनात म्हणत मी गळ्यातून वीणा काढली, खुंटीला अडकवली आणि मागच्या दारानं बाहेर पडलो. वीणा अडकवताना तारेचा बारीकसा आवाज झाला. तो मला अजून ऐकू येतो.

स्टेशनात पोचलो तेव्हा गाडीची वेळ टळून गेली होती, पण गाडी उभी होती. मी चढलो आणि ती हलली. मला वाटलं, देवानं माझ्यासाठीच थांबवली. हीच कृपा, असं समजून मी खोपोलीपर्यंत हात जोडून बसलो होतो. साहेबांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि पहिल्या तारखेपासून यायला सांगितलं.

संध्याकाळी पेढे घेऊन गावात शिरलो, तर देवळापुढं माणसं जमलेली. नाम आत चालूच होतं, दुसऱ्याच्या पहाऱ्यावर. बाहेर आजा पायरीवर बसला होता आणि मंडळी त्याच्याभोवती उभी होती. दुपारी विहिरीवरून येताना शेजारच्या काकूनं वीणा खुंटीला लटकलेली पाहिली होती, आणि खांबाशी झोपलेला आजाही. ती घरी हंडा उतरवून माणसं घेऊन परतली, तोवर आजा वीणा गळ्यात घालून उभा होता. पायाचं फडकं रक्तानं भिजलं होतं म्हणे. आता प्रश्न एवढाच होता, की वीणा खुंटीला लावली कुणी. मी गर्दीच्या मागं थांबलो. आज्यानं मला पाहिलं. मग तो सगळ्यांना म्हणाला, "नातवाला मीच धाडला. वीणा माझ्यापाशी व्हती. पाय भरला, मी अडकवली."

मी तोंड उघडलं नाही. पेढ्यांचा पुडा हातात तसाच राहिला. जाणत्या मंडळींनी तिथंच ठरवलं, की पुढच्या वर्षापासून बारा ते दोनचा पहारा दुसऱ्या घराला द्यायचा. आज्यानं मान हलवली, खांबाचा आधार घेत उठला आणि माझ्यापाशी येऊन विचारलं, "लागली का नोकरी?"

"लागली."

"मग दे की पेढा. आधी देवाला ठेव."

मी नोकरीला लागलो. लग्न झालं, मुलं झाली. दर माघात सप्ता यायचा आणि बाराच्या ठोक्याला आजा आमच्या ओट्यावर देवळाकडे तोंड करून उभा राहायचा. हात छातीशी, वीणा धरल्यासारखा. ओठ हलायचे. दोन वाजले की बसायचा. येणारी-जाणारी पोरं हसायची. तो त्यांनाही हसून म्हणायचा, "जेवलात का रं?" कुणावर राग नाही, आणि झालेल्या गोष्टीचा उच्चार नाही. मी मात्र सप्त्याच्या दिवसांत रजाही घेईनासा झालो. देवळाच्या वाटेनं जाणंच सोडलं.

हे त्याच्या ध्यानात आलं असावं. एकदा आवणीच्या, भात लावायच्या दिवसांत आम्ही दोघं बांधावर भाकरी खात होतो. तो अचानक म्हणाला, "देवळात जात नाहीस तू. जात जा. खंड पडला नव्हता रं त्या दिवशी."

त्यानं सांगितलं ते असं. त्याला जाग आली ती नाम ऐकून. आवाज गावातला नव्हता. डोळे उघडले तर समोर एक अनोळखी माणूस, पाय धुळीनं भरलेले, काखेत बोचकं, गळ्यात वीणा. आज्यानं विचारलं, "कुनाचा रं तू?" तो म्हणाला, "वाटंनं चाललो व्हतो. कोण धरलेली दिसली नाय, म्हनून धरली." मग त्यानं वीणा आज्याच्या गळ्यात घातली, रांजणातलं पाणी प्याला आणि निघून गेला.

मी म्हणालो, "मग हे सगळ्यांना सांगितलं का नाहीस? पहारा घरात राहिला असता."

आजा भाकरी मोडत म्हणाला, "लोक बोलले असते, म्हातारा सुटायला बघतोय, देवाला साक्षीला आनतोय. माझा पहारा वाचवायला त्याला मधी कशाला आनू? नाव चालू राहिलं. बास झालं की."

वीणा कुणी अडकवली होती, ते त्यानं तेव्हाही काढलं नाही.

त्या माणसाला मी नंतर शोधलं. कोंडाण्यापर्यंत जाऊन विचारपूस केली. असा कुणी कुणाला आठवत नव्हता. तो खरोखर आला होता, की माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून आज्यानं त्याला आणलं, हे मला सांगता येणार नाही. पण आजा कधी स्वतःसाठी खोटं बोलल्याचं मला ठाऊक नाही. जे एकच ठाऊक आहे, ते माझ्यासाठी. पुढं मी शोधणं सोडून दिलं. त्या दुपारी गाडी माझ्यासाठी थांबली, म्हणून मी देवाचे आभार मानत होतो. कृपा माझ्या पाठीमागं देवळात उभी होती आणि मी टाकलेलं काम करत होती. देवावर भार टाकणं म्हणजे आपलं काम त्याच्या गळ्यात घालून निघून जाणं, असं मी तेव्हा समजलो होतो. आज्यानं भार टाकला तो निराळा. आपण खरे असताना लोक काय म्हणतील, तेवढं त्यानं देवावर सोपवलं आणि स्वतः मात्र उभा राहिला. त्याच्या पुण्याईवर माझं घर उभं आहे, हे मी रोज हात जोडून म्हणतो.

त्याचा शेवटचा सप्ता आला तेव्हा तो पडवीत खाटेवर होता. त्या वर्षी मी रजा काढून आलो, सांगायचंच असं ठरवून. बारा वाजता त्यानं खूण केली, उभा कर. मी पाठीमागून दोन्ही हातांनी त्याला धरलं. अंगात काही वजन उरलं नव्हतं. देवळातून नाम ऐकू येत होतं. त्याचं डोकं माझ्या खांद्याला लागलं होतं, आणि याहून जवळ मी त्याच्या कधी येणार नाही, असं वाटून मी म्हणालो, "आजा, त्या दिवशी ती वीणा..."

"नाव चाललंय," तो पुटपुटला. "मधी बोलू नको."

दोनपर्यंत त्याला तसाच धरून होतो. मग खाटेवर निजवलं. त्याला लगेच झोप लागली. उठला की सांगू, म्हणून मी पायाशी, त्या कोयत्याच्या जुन्या खुणेवर हात ठेवून बसून राहिलो. दिवेलागणीला आई आली, तिनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि पदर तोंडाशी नेला.

तेव्हा सांगायचं राहिलं ते एवढंच होतं. आजा, वीणा मी अडकवली. माझं चुकलं.