आईची पिशवी आणि माझं पत्रक

आईला पुन्हा रक्त जाऊ लागलं तेव्हा तिची पाळी बंद होऊन सहा वर्षं झाली होती. तिने ते मला तीन आठवडे सांगितलं नाही. सांगितलं तेही भाजी निवडता निवडता, जणू गॅस संपत आलाय एवढंच. मी तिला गोरव्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोनोग्राफी झाली. पिशवीचं अस्तर जाड झालंय, आतला तुकडा काढून तपासायला पाठवू, असं त्या म्हणाल्या. शिवाय बहुतेक पिशवीच काढावी लागेल, असंही म्हणाल्या. मी फक्त शेवटचं ऐकलं.

का, ते सांगायला हवं. त्याच वर्षी मी पिशवीवर पत्रक लिहिलं होतं. नंदेसरीच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या तिशी-पस्तिशीच्या बायका पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात जात आणि 'कोथळी कढावी नाखो' एवढं ऐकून परत येत. दाढ काढावी तशी पिशवी काढून टाकायची, आणि टाके ओले असतानाच कामावर उभं राहायचं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती, असं ते पत्रक मी संतापाने लिहिलं होतं. त्यातली प्रत्येक ओळ खरी होती. आजही एकही मागे घ्यावीशी वाटत नाही. पण पाळी गेल्यावर रक्त गेलं तर ती गोष्ट वेगळी, लगेच तपासून घ्या, ही ओळ त्यात नव्हती. मला ती ठाऊक होती. कागदावर जागा उरली नव्हती.

आमच्या घरात पत्रकाला एक नियम होता. तो बाबांनी घातलेला. बाबा केमिकल कारखान्यात होते, युनियनचं काम करायचे, आणि जे आपण घरात पाळत नाही ते छापायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. हुंड्याविरुद्ध पत्रक काढलं त्या वर्षी ते सख्ख्या मेहुणीच्या लग्नाला गेले नाहीत. आईलाही जाऊ दिलं नाही. मी शाळेत जायच्या आधीपासून आईच्या शेजारी बसून कागदाच्या चार घड्या घालायला शिकले. बाबा गेले, नियम राहिला.

म्हणून त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंशी भांडले. फाइल उचलली आणि आईला घेऊन बाहेर पडले. मी चुकत असेन असं तिला वाटलंही नाही. रिक्षात ती म्हणाली, "पत्रक आपलं, आणि टेबलावर पहिल्या आपणच झोपायचं होय?" आम्ही दोघी हसलो होतो. मी गोळ्या आणून दिल्या. रक्त थांबलं. आई आमच्या कामगार खोल्यांच्या लाइनीत दारोदार बसून तेच पत्रक बायकांना वाचून दाखवू लागली.

आठ महिन्यांनी पुन्हा रक्त आलं, या वेळी ओट्यापाशी, फरशीवर. मग तुकडा तपासला. कॅन्सर निघाला. एमआरआयमध्ये तो पिशवीच्या भिंतीत खोल गेलेला दिसला.

सर्जन शांत माणूस होते. मला समजेपर्यंत सांगत राहिले. पिशवी, दोन्ही नळ्या, दोन्ही बीजकोश काढायचे. ओटीपोटाच्या कडेच्या ग्रंथीही काढून तपासायच्या. दुर्बिणीने पोटाला बारीक छिद्रं पाडून हे करता येतं, बाई लवकर उठून बसते. मी लगेच तेच करा म्हटलं. ते म्हणाले, आईंच्या पिशवीत फायब्रॉईडची मोठी जुनी गाठ आहे. दुर्बिणीने सोडवली तरी ती खालच्या वाटेने अखंड बाहेर येणार नाही. आणि आत तिचे तुकडे करायचे नाहीत, कॅन्सरच्या पेशी पोटात सांडू शकतात. म्हणून बेंबीपासून खाली उभा छेद घ्यायचा आणि ती सबंध उचलायची.

आई सगळं ऐकत होती. घरी आल्यावर म्हणाली, "मी नाही काढून घेणार."

मला वाटलं छेदाला घाबरली. तसं नव्हतं. लाइनीतल्या किती बायकांना आपण नको सांगितलं, आता कुठल्या तोंडाने जाऊन झोपू, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, अगं, कॅन्सर वेगळा.

"मग तसं का नाही लिहिलंस?"

जागा नव्हती, म्हटलं.

"वरची घोषणा केवढ्या अक्षरांत छापलीस," ती म्हणाली. "ती लहान केली असतीस तर मावलं असतं."

चार दिवस ती हलली नाही. मी समजावलं, ओरडले, शेवटी तिच्या पायाशी बसून रडले. दुसऱ्याच्या बायकोला, आईला, बहिणीला मी किती सहज समजावून आले होते. दांडिया बाजारातून मावशी आली, तीच, जिच्या लग्नाला आम्ही गेलो नव्हतो. "पत्रकं वाटता वाटता अक्कलही वाटून टाकलीत तुम्ही," असं म्हणून तिने आईची बॅग भरायला घेतली. आईने एकेक साडी परत कपाटात ठेवली. रक्त रोज जात होतं. सर्जनच्या माणसाचा फोन आला की मी गॅलरीत जाऊन खोटं बोलायचे, येतो म्हणायचे.

पाचव्या दिवशी मी म्हटलं, नवं पत्रक काढते, चूक कबूल करते, तुझं ऑपरेशन झालं की लगेच.

"आधी छाप," आई म्हणाली. "आधी वाट. मग झोपते."

एका दुपारी लिहिलं. घोषणा नव्हती. पहिली ओळ होती: आमची एक गोष्ट सांगायची राहिली. दुसऱ्या दिवशी लाइनीतल्या प्रत्येक दारी गेले. शेवटच्या खोलीतली पन्नाशीची बाई पत्रक वाचून म्हणाली की मलाही जातं थोडं थोडं, पण बेन, तुमच्या मम्मीनेच तर ना पाडली होती, काढू नको म्हणाल्या होत्या. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. मग तिला उठवून डॉक्टरीणबाईंकडे नेलं, नंबर लावला, तिचा तुकडा काढून होईपर्यंत बाहेर थांबले. डॉक्टरीणबाई मला काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं.

सोमवारी आईने सही केली. ऑपरेशनला तीन तासांवर वेळ गेला. सर्जन बाहेर आले, पिशवी अखंड निघाली म्हणाले. मी हात जोडले. दोन ग्रंथी मोठ्या लागल्या, रिपोर्ट येऊ द्या, असंही म्हणाले. या वेळी मी दोन्ही वाक्यं ऐकली.

रिपोर्ट आला तेव्हा त्या दोन्ही ग्रंथींत कॅन्सर होता. आता रेडिएशनचा शेक द्यावा लागेल, केमोही. मी विचारलं, आठ महिन्यांपूर्वी तो तिथे असता का? ते सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मला त्यांच्याकडून शिक्षा हवी होती, आणि त्यांच्याकडे ती नव्हती.

वॉर्डात आई टाक्यांवर उशी दाबून बसली होती. खोकला आला की ताण पडतो म्हणून नर्सने तसं शिकवलं होतं. तिने विचारलं, पसरलंय का? मी हो म्हटलं. शेक, केमो, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"मग ते आठ महिने..." ती म्हणाली, आणि थांबली.

मी उभी राहिले. तिने पुढचं बोलावं, काय वाटेल ते बोलावं, म्हणून उभी राहिले.

तिने पाणी मागितलं.