चौथ्या बाजूवरची ओळ

गुरुवारी अर्बाबने, म्हणजे दुकान ज्याच्या नावावर होतं त्या ओमानी मालकाने, शिक्केकाकांना सांगितलं, की त्यांचा व्हिसा पुढे वाढणार नाही. त्यानंतरच्या बुधवारी काका मस्कत सोडून सावंतवाडीला गेले. ही २०१४ सालची गोष्ट. मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. काका वारले.

मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारामागच्या गल्लीत काका रबरी शिक्के करत. ओमानमध्ये शिक्क्याशिवाय कागद हलत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक सतत असायचं. मी इथल्या एका भारतीय शाळेत ग्रंथपाल. पुस्तकांवर मारायचा शिक्का करून घ्यायला गेलो आणि मग दर शनिवारी माबेल्याच्या घरून गाडी काढून जातच राहिलो. तयार शिक्का ते आधी स्वतःच्या तळहातावर उमटवून बघत. संध्याकाळपर्यंत त्या हातावर तीन कंपन्या, एक दवाखाना आणि एखादी लाँड्री जमलेली असे. "बघा मास्तर, आज मी सरकारमान्य!" म्हणून हात पुढे करत.

मूळ धंदा मात्र भांड्यांवर नावं घालण्याचा. लग्नसराईत शेकडो तांबे, ताटं, डबे त्यांच्या छिन्नीखालून गेले होते. त्या धंद्याचा एक नियम ते वडिलांकडून शिकले होते: नाव घालायला आलेलं भांडं घ्यायचं, नाव काढायला आलेलं घ्यायचं नाही. "काढायला आणलेलं भांडं एक तर चोरीचं," ते सांगत, "नाहीतर वाटण्या झालेल्या घरचं. दोन्हीकडे आपलं काय काम?"

एकदा मी गेलो तेव्हा ते एक हिरवट दगड भिंगाखाली धरून बसले होते. मुठीत जेमतेम मावेल असा चौकोनी शिक्का, वर वेटोळं घातलेला ड्रॅगन, तळाला चिनी अक्षरं. बाजारातल्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने आणून दिला होता. "चाचा, साइड में थोडा खरोंच है, घिस के साफ कर दो," एवढंच सांगून तो गेला होता. हा माणूस अर्बाबचा जुना मित्र, आणि काकांच्या दुकानाचा परवाना आणि व्हिसा दोन्ही अर्बाबच्या हातात. काकांनी लगेच हो म्हटलं होतं.

"पण ही खरोंच ओळीत चालते हो," काका म्हणाले. "वाचा बघू."

जुनं, तिरकं, बारीक इंग्रजी होतं. तीन बाजू कोऱ्या होत्या, ही ओळ चौथ्या बाजूवर. मी वाचली: पेकिंगच्या बादशहाच्या उन्हाळी राजवाड्यातून घेतलेला, १८६०. शेवटी एका इंग्रज कॅप्टनचं नाव.

"म्हणजे बादशहाने भेट दिला?"

भांड्यांवर आयुष्यभर 'सप्रेम भेट' कोरलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? मी त्यांना पुस्तकांत वाचलेलं सांगितलं. इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी तो राजवाडा लुटला, इंग्रजांनी तो जाळला. लुटीतल्या वस्तू लंडनच्या प्रदर्शनांत काचेच्या कपाटात मांडल्या गेल्या. कुठून लुटलं हे तेव्हा अभिमानाने सांगत, त्याने किंमत वाढे. आता तेच विक्रीच्या आड येतं.

काका बराच वेळ हसत राहिले. मनातलं बोलताना ते मालवणीत शिरत. "चोरी केल्यान आणि वर नाव घातल्यान! 'सप्रेम भेट' तेवढा लिवूचा रवला."

मग त्यांनी शिक्का फडक्यात गुंडाळला. मी म्हटलं, "काका, हे लुटणाऱ्याचं लिखाण आहे. मालकाचं नाव तळाला आहेच. ही ओळ गेली तर काय बिघडलं?"

"मालकाचं नाव खाली, चोराचं बाजूला. दोन्ही असली तरच कळतं, कुणाचं कुणी नेलं." फडक्याला गाठ मारत म्हणाले, "चोरान आपणहून सही केलेली आसा, मास्तर. ती मी कित्याक पुसू?"

व्यापारी आला तेव्हा मी तिथेच होतो. काकांनी शिक्का त्याच्या हातात ठेवला. "सेठ, नाम डालने का है तो बोलो, फुकट में डालेगा. निकालने का काम अपुन नहीं करता."

"चाचा, अर्बाब को क्या बोलूँ?"

"जो हुआ वो बोलो."

त्याने तेच सांगितलं असणार. अर्बाबने काकांना दोनदा समजावलं. मित्राला शब्द दिलाय, असं म्हणाला. काका दोन्ही वेळा चहा पिऊन परत आले. तिसऱ्या वेळी व्हिसाचं झालं.

विमानतळावर अर्बाब स्वतःच्या गाडीतून त्यांना घेऊन आला. काकांची बॅग त्यानेच ट्रॉलीवर ठेवली. काकाच त्याच्या खांद्यावर थोपटत म्हणाले, "खलास, अर्बाब, खलास." मी म्हटलं, मी ती ओळ वाचून दाखवली नसती तर हे झालं नसतं. "वाचायला दिली कुणी? मीच ना?" म्हणाले. "नीट घरी जावा. हायवेला झोप येते तुम्हाला."

दोन वर्षांनी एका परदेशी लिलावाच्या यादीत मला तो शिक्का दिसला. चारही बाजूंचे फोटो होते. चारही गुळगुळीत. खाली 'एका जुन्या संग्रहातून' असं लिहिलेलं. काकांना फोन केला, तर म्हणाले, "कुणीतरी केल्यान काम," आणि माझ्या मुलांची चौकशी करू लागले.

ती ओळ मत्रहमध्ये तिघांनी पाहिली होती. व्यापारी बोलणार नाही. काका गेले. मला ती पाठ आहे.