टेकरामभाऊंचं अर्थिंग

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही, आणि तिला माझ्या मोबाइलचा पासवर्डसुद्धा ठाऊक आहे. तेव्हा ऐकणारे तुम्ही पहिलेच. हसू आलं तर हसा — त्यातलं बरंचसं हसण्यासारखंच आहे.

तिरोड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे व्हिडिओ ठेवायला मी चार हार्ड डिस्कची एक पेटी घेतली. चारांतली एक मेली तरी बाकीच्या तिघी तिचं काम सांभाळून घेतात. आपण फक्त तिच्या जागी नवी बसवायची. विकणाऱ्यानं हे दोनदा समजावलं. मी दोन्ही वेळा समजल्यासारखी मान हलवली.

ऐन लग्नसराईत पेटी टीं-टीं करू लागली. एक डिस्क गेली होती. मी काय केलं असेल? आवाज बंद केला. दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली, कारण फोटो निवडायला आलेला प्रत्येक जण विचारायचा, हे लाल काऊन चमकून राहिलं? मोबाइलवर रोज निरोप यायचा, तोही बंद केला. एकामागून एक लग्नं अंगावर असताना डिस्क बदलत कोण बसतो?

शेवटी नवी डिस्क आणली. निरोपात होतं, डिस्क क्रमांक दोन. मी दुसरा खण ओढला. ती पेटी शून्यापासून मोजते, हे मला नंतर कळलं — मेलेली डिस्क तिसऱ्या खणात होती. पट्टीला नख लावलं असतं तरी लाल दिवा दिसला असता. पण नाही. एक आधीच मेलेली, एक धडधाकट मी उपटलेली — पेटीनं हात टेकले. मग घाबरून स्क्रीन जे विचारेल त्याला हो म्हणत गेलो, आणि ती नव्यासारखी कोरी झाली.

बहुतेकांचे व्हिडिओ देऊन झाले होते. राहिलं होतं एकच लग्न — टेकरामभाऊंच्या मुलीचं, प्रणालीचं. टेकरामभाऊ आमच्या गल्लीतले इलेक्ट्रिशियन. स्टुडिओची सगळी वायरिंग त्यांच्या हातची. मी घरचाच आहो, पहिले गिऱ्हाइकाचं कर, असं तेच म्हणाले होते. म्हणून त्यांचं मागे ठेवलं. कॅमेऱ्याची कार्डं तोवर पुसून पुढच्या लग्नांना गेली होती.

त्यांना बोलावलं ते खरं सांगायलाच. खरंच — वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते आले, पेटी पाहिली, सॉकेटला टेस्टर लावला, आणि त्यांचाच चेहरा उतरला.

"अर्थिंगनं गेलं का जी? माह्याच हातचं होतं ना."

आता सांगा, दार कुणी उघडलं? त्यांनीच. आणि लगबगीनं आत कोण शिरलं?

"तसंच वाटून राहिलं, भाऊ," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्यांनी स्टुडिओमागे खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, सगळं अर्थिंग नव्यानं केलं, आणि मजुरीचं नाव काढू दिलं नाही. मी त्यांना लिंबाचं सरबत दिलं. सरबत! वर बर्फही घातला.

व्हिडिओ गेला तर गेला, वरातीतला माझा नाच तरी कोणाले दिसणार नाही, असं म्हणून ते हसले. मीही हसलो. प्रणालीला फोनवर सांगायला मात्र ते रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. बराच वेळ आले नाहीत.

पेटीकडे आता मी रोज सकाळी आधी पाहतो, मग चहा. पण टेकरामभाऊ? नवं घर वायरिंगला घेतलं की मालकाला ते आधी हीच गोष्ट सांगतात. परवा माझ्या मेहुण्याच्या घरी सांगितली, माझ्या देखत.

"अर्थिंगमंधी हयगय नका करू जी. माह्या पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ मीनं माह्याच हातानं घालवला."

मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं — खरं का?

मी हो म्हणालो.