दिसतंय का सगळ्यांना?

घरात जुने चार्जर जमतात ना, तसे किस्से जमतात. कुणी मुद्दाम आणत नाही, कुणी टाकूनही देत नाही. एक दिवस खण उघडावा तर नुसता गुंता! आमच्या रविवारच्या मंडळींचा असाच एक गुंता माझ्याकडे पडून आहे, आणि त्यातल्या सगळ्या वायरी एकाच टॅबला जाऊन मिळतात.

टॅब माझ्या बायकोचा, वंदनाचा. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा बंद होत्या त्या काळात तिने चौथीच्या मुलांसाठी त्यावर धडे रेकॉर्ड केले. मागच्या खंडेनवमीला तिने शिलाई मशीन, स्कूटी, मिक्सर यांच्या रांगेत टॅबही मांडला आणि त्याच्या काळ्या काठावर ठसठशीत कुंकू लावलं. दिवाळीनंतर ती दवाखान्यात होती. हिवाळ्यात गेली. टॅब कव्हरमध्ये बंद होता.

होळीनंतर मी दर रविवारी मेहकरहून साखरखेर्ड्याला सासूबाईंकडे जायला लागलो. टॅब पिशवीत. ओसरीवर मंडळी जमायची: वंदनाचा धाकटा भाऊ गजू, शेजारच्या शोभावहिनी आणि पोस्टातून रिटायर झालेले देशमुखकाका. आधी गजूचा शेतीचा व्हिडिओ, मग वहिनींची रेसिपी, मग काकांचं कीर्तन. शेवटी वंदनाचा एक धडा. तो सासूबाईंसाठी.

अडचण एकच. टॅबचा उजेड टिकत नव्हता. ब्राइटनेसची पट्टी बोटाने वर ढकलली की क्षणभर बरं दिसायचं, आणि मग पट्टी आपोआप खाली! भर दुपारी स्क्रीनवर आमचेच चेहरे.

"भाऊजी," गजू म्हणाला, "आपुन टॅब पाहून राह्यलो का आरसा?"

* * *

सोयाबीनवरच्या रोगाचा व्हिडिओ होता. सांगणारा जीव तोडून सांगत होता, "शेतकरी बंधूंनो, हे पान नीट पहा. कसं पिवळं पडलंय!"

आम्ही पाहिलं. काळोखात पान हिरवंगार होतं.

"अजून जवळून पहा," तो म्हणाला. काका इतके जवळ गेले की चष्मा काचेला लागला. बराच वेळ पाहून त्यांनी निकाल दिला:

"गजू, याच्यापेक्षा निरोगी पान म्या जन्मात पाह्यलं नाई. बियाणं कोणतं हाय ते इचारून ठेव!"

* * *

शोभावहिनींनी शंकरपाळ्यांचा व्हिडिओ पाहिला. "गुलाबी रंग येईपर्यंत तळा," असं त्यात होतं. पुढच्या रविवारी त्या डबा भरून घेऊन आल्या. शंकरपाळे कोळशासारखे.

गजूने एक तोंडात घातला आणि नुसता बसून राहिला.

"काऊन रे, काय झालं?" वहिनी म्हणाल्या. "टॅबमधल्या बाईचे बी एवढेच काळे व्हते. मी दोनदा पाहून खातरी केली!"

* * *

आता सासूबाईंचं सांगायला हवं. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या रविवारी त्या आंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून टॅबसमोर बसल्या. मी धडा लावला. वंदनाचा आवाज ओसरीभर झाला. चेहरा मात्र काळ्यात काळा.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डोळा वाया गेला माहा."

"आई, डोळा चांगला हाय. टॅबच खराब हाय," गजू म्हणाला.

"तुमी सगळे माहं मन राखून राह्यले."

तेवढ्यात ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या गजूने पाठीमागे हात नेऊन तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी खिशात सरकवली. त्याच्या शेजारी बसलेल्या काकांच्याही लक्षात आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "काढ ते. टाक बाहीर."

"पाहा!" गजू टाळी वाजवून म्हणाला. "आई, तुले दिसते! इतक्या दुरून खर्रा दिसला!"

"खर्रा कळाले डोळे नाई लागत," सासूबाई म्हणाल्या. "नाक लागते."

* * *

अंधारातच पाहायचं असेल तर अंधार आपणच करावा, असं काकांच्या डोक्यात आलं. मे महिना, टळटळीत दुपार. मी, गजू आणि काका, तिघे डोक्यावरून गोधडी घेऊन ओसरीवर बसलो. मधे टॅब. दिसायला लागलं! थोडं, पण दिसलं. घामाच्या धारा, आणि कीर्तन रंगात आलेलं.

शोभावहिनी बाहेरून विचारत होत्या, "जिवंत हा ना?"

तेवढ्यात गावचा पोस्टमन सुटीच्या दिवशी जाता जाता डोकावला. काकांच्या हाताखाली काम केलेला. त्याने गोधडीखालचे तीन जोड पाय पाहिले, त्यातला एक जोड ओळखला आणि हळूच म्हणाला,

"साहेब, रिटायर झाल्यावर हे काय सुरू केलं?"

सासूबाई मात्र गोधडीत आल्या नाहीत. "मले कोंडते," म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "तुमाले दिसते ना त्याच्यात? मंग माहेच डोळे गेले."

उपाय आमचा, आणि पुरावा त्यांना मिळाला!

* * *

मोबाईलवर शोधून शोधून गजूने एक गोष्ट काढली. सेटिंगमध्ये 'ऑटो' नावाचं बटण असतं, ते बंद केलं की पट्टी सरकत नाही. पण मुलं भलतंच काही दाबतात म्हणून वंदनाने सेटिंगला कुलूप घातलेलं. चार आकडी पिन. तो तिलाच माहीत.

तिचं जन्मसाल टाकलं. चूक. स्कूटीचा नंबर. चूक. गजूने स्वतःचं जन्मसाल टाकून पाहिलं, "ताईचा मी लाडका व्हतो" म्हणून. चूक! शेवटी मी आमच्या लग्नाची तारीख टाकली. टॅब थरथरला आणि म्हणाला, चूक.

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सर, लग्न तरी झालं व्हतं ना?"

मी हसलो. सासूबाईंनी वळून पाहिलं. तो आवाज त्यांनी हिवाळ्यानंतर ऐकला नव्हता.

* * *

मेहकरला दवाखान्यात तपासणीला मी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. सासूबाईंनी वरून सुरुवात केली आणि सगळ्यात खालच्या बारीक ओळीपर्यंत न अडखळता गेल्या. जुनी सातवी पास!

"आजी, एकदम झकास!" डॉक्टर म्हणाले. "पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याचं करून टाकू. लवकर केलेलं बरं, तो जास्त पिकलाय." त्यांनी मंगळवार ठरवून दिला.

"नाई," सासूबाई म्हणाल्या. "एका डोळ्याचं पाहून झालं."

"अहो, पण सगळं तर वाचलंत!"

"अक्षरं दिसतात, डॉक्टरसाहेब. लेक दिसत नाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे पाहत राहिलो.

* * *

त्याच आठवड्यात मी टॅब मेहकरच्या एका मोबाईलवाल्याकडे नेला. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि हसला.

"काहीच झालं नाही सर. वरती कॅमेऱ्याच्या बाजूला त्याला एक बारीक डोळा असतो. बाहेर ऊन आहे का सावली, ते तो पाहतो. ऊन असलं की उजेड वाढवतो, अंधार असला की कमी करतो. तुमच्याइथे त्या डोळ्यावरच काहीतरी लागलंय, म्हणून त्याला वाटतं सदा रात्रच आहे. हे लाल काय आहे? एक मिनिट, पुसून देतो."

त्याने फवारा आणि फडकं उचललं. मी टॅब त्याच्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या," म्हणालो.

कुंकवावर वंदनाच्या बोटाच्या रेषा होत्या. वाळलेल्या, पण स्पष्ट.

रविवारी मंडळींना सांगितलं, पार्ट मिळत नाही. कुणीच शंका घेतली नाही. काका तर म्हणाले, "आजकाल कोणतेच पार्ट मिळत नाई सर. माह्या गुडघ्याचे बी नाई मिळत!" सगळे हसले. त्याच्या पुढच्या रविवारीही मी तेच सांगितलं.

* * *

मग तो रविवार आला, ज्याच्यानंतर मंगळवार होता. गजू आईला समजावून थकला होता. शोभावहिनी थकल्या होत्या. सासूबाईंचं एकच, "नाई."

मी पिशवीतून टॅब काढला तशा त्यांनी हात पुढे केला. "आणा इकडं. बंदच पाहू द्या."

त्यांनी तो मांडीवर घेतला. काचेवरून तळहात फिरवला. वरच्या काठाशी थांबल्या.

"हे कुंकू वंदीनं लावलं?"

"हो. खंडेनवमीला."

"तिची सवयच तशी. लावलं का भरून लावन. गजूच्या सायकलच्या सीटले असं लावलं व्हतं का पोरगा दसऱ्याले लाल चड्डी घेऊन गावभर फिरला!"

"आई! सोनं वाटाले गेलो व्हतो मी तसा!" गजू ओरडला. "घरोघर! कोणी सांगतलं बी नाई!"

काकांना ठसका लागला. शोभावहिनी पदरात तोंड घालून हसत होत्या. मलाही तसंच हसण्यावारी नेऊन गप्प राहता आलं असतं.

"आई," मी म्हणालो, "तुमचा डोळा चांगला आहे. त्या कुंकवामुळे अंधार पडतो. त्याच्याखाली टॅबचा डोळा आहे. मला दोन आठवड्यांपासून माहीत आहे."

गजूने माझ्याकडे पाहिलं आणि मग अंगणाकडे पाहायला लागला. सासूबाईंनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"पुसू?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

त्यांनी पदराचं टोक तांब्यात बुडवून ओलं केलं आणि लहान मुलाच्या डोळ्यात गेलेलं काढावं तसं, कडेकडेने, हळूहळू पुसलं. शेवटचा लाल ओलावा बोटावर आला.

"कपाळ इकडं करा, जवाईबापू."

मी वाकलो. बोट टेकलं.

मग मी धडा लावला. ओसरीवर ऊन होतं. वंदना निळ्या साडीत फळ्याजवळ उभी होती. खडू हातात, एक बट कानामागे सारत. तिने समोर पाहिलं.

"दिसतंय का सगळ्यांना?"

"हाव बाई," सासूबाई म्हणाल्या, "दिसते."

मग स्क्रीनवरची नजर न काढता: "जवाईबापू, मंगळवारी पह्यली गाडी किती वाजता हाय?"