साडूंचं सगळं एकदम

जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ रांगेत आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते नेमके माझे साडू निघाले. माझ्या धाकट्या मेहुणीचे हे यजमान मूळचे अक्कलकोटकडचे. आईशी कानडीत बोलतात, आमच्याशी मराठीत, आणि दोघंही समोर असलो की एकाच वाक्यात दोन्ही. सोलापुरात आपल्या फ्लॅटमध्ये बसून ते कुठल्याशा परदेशी कंपनीचं ब्लॉकचेनचं काम करायचे. हा काय प्रकार आहे, ते त्यांनी मला पहिल्यांदा समजावलं कढीभात जेवताना. "दादा, समजा एक सामायिक वही आहे. जगभरातल्या हजारो संगणकांवर तिची एकेक प्रत. कुणी कुणाला काही दिलं की सगळ्या प्रतींत तीच नोंद, त्याच क्रमानं, एकामागं एक. आता केम गावच्या एका माणसानं बहिणीला ओवाळणी पाठवली, आणि तिकडं नातेपुत्यात एकानं शेळी घेतली. दोघांचा एकमेकांशी संबंध काय? मग त्या शेळीवाल्यानं ओवाळणीच्या मागं ताटकळायचं कशाला?" त्या न पाहिलेल्या शेळीवाल्यासाठी त्यांचा जीव इतका तुटत होता, की पुढ्यातली कढी गार होऊन गेली.

तर ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही, ते सगळे व्यवहार एकाच वेळी उरकायचे. दोघांनी चुकून एकाच खात्याला हात घातलाच, तर एकाचा रद्द करून पुन्हा करायचा, हे त्यांचं काम. "आधी करून टाकायचं, भांडण झालं तर परत करायचं," असं ते म्हणत. कंपनी यासाठी पगार देत होती म्हणून ठीक. पण तेच ते घरीही फुकट करत. मेहुणी माहेरी गेली की हे शेगडीच्या चारी बर्नरवर डाळ, भात, चहा आणि भाकरी एकदम लावत. भाकरीचा कोळसा झाला, तर म्हणत, "बाकी तिघांचा वेळ वाचला की!" एकदा तर त्यांनी बिल्डिंगचं पाणी हाती घेतलं. नळाला पाणी यायच्या दिवशी तिथं एकेका घराची मोटर पाळीपाळीनं चालायची. साडूंनी जिना चढून-उतरून सगळ्यांना पटवलं आणि सगळ्या मोटरी एकदम सुरू केल्या. पाइपातून साप फुसफुसावा तसा आवाज आला आणि कुणाच्याच टाकीत थेंब पडला नाही. खालच्या मजल्यावरच्या मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "लई शिकलाय तुमी, पर नळाला तरी सोडा की!" साडू खजील होऊन "हौदु, हौदु, खरंय, पाइप एकच होता" असं पुटपुटले, आणि मग दुपारभर टँकरपासून घागरी वाहून त्यांनी प्रत्येकाच्या दारात पाणी पोचवलं. या माणसावर रागावणं कठीण होतं ते असं.

आमच्या सासऱ्यांची, म्हणजे आण्णांची, पंचाहत्तरी अकलूजला करायची ठरली, तेव्हा सगळी व्यवस्था साडूंनी मागून घेतली. नेमक्या त्याच संध्याकाळी त्यांच्या कंपनीत ती नवी, सगळं एकदम करायची पद्धत सुरू व्हायची होती. वर्षभराचं काम होतं ते, आणि चाचण्यांत तिनं असा काही वेग दाखवला होता, की साहेब लोक खूश होते. "दादा, सकाळी आण्णा, संध्याकाळी ब्लॉकचेन," असं म्हणत ते लॅपटॉप घेऊनच मंगल कार्यालयात आले. बेत त्यांचा नेहमीचाच. औक्षण, फोटो, भाषणं, जेवण, भेटीगाठी, सगळं एकाच वेळी, कार्यालयाच्या पाच कोपऱ्यांत. चार कोपऱ्यांच्या हॉलला पाचवा कोपरा त्यांनी कसा काढला ते विचारू नका.

सासऱ्यांनी उभा जन्म दूध डेअरीत काढलेला. निम्मं अकलूज त्यांना ओळखतं, आणि ते निम्मं त्या दिवशी झाडून आलं होतं. मग जे व्हायचं तेच झालं. बायका ताम्हण घेऊन उभ्या, त्यांना आण्णा पाहिजेत. फोटोवाल्याला आण्णा पाहिजेत. माइकवरचे गृहस्थ आण्णांकडं बघून बोलणार, पंगत आण्णांशिवाय बसणार नाही. आण्णा खुर्चीवरून उठायचे, चार पावलं जायचे, तेवढ्यात दुसरं कुणी दंड धरून उलटं न्यायचं, की पहिल्यांचं पुन्हा पहिल्यापासून. ओवाळणाऱ्या बायकांची निरांजनं दोनदा विझली. मी साडूंना हाक मारायला वळलो, तर ते खांबाला टेकून, डोळे विस्फारून बघत उभे. "दादा," ते म्हणाले, "सगळ्यांना एकच माणूस पाहिजे हो."

"मग कुणीतरी रांग लावा!" मी ओरडलो.

"आमच्या चाचण्यांत असं कधी आलंच नाही. आम्ही खाती विखुरलेली धरली. सगळे एकाच खात्यावर तुटून पडले, तर आमचं यंत्र नुसतं रद्द करून परत, रद्द करून परत. रांगेपेक्षा हळू!" एवढं बोलून ते लॅपटॉपकडं पळाले. मी ताम्हणं, फोटो आणि भाषणं एकामागं एक लावून दिली.

बऱ्याच वेळानं ते आले तेव्हा हॉल रिकामा झाला होता. त्यांनी स्वतःच कंपनीला थांबायला सांगितलं होतं, आणि साहेब त्यांना नको ते बोलले होते. ते एका खुर्चीवर नुसते बसून राहिले. तेवढ्यात सासरे दोन ताटं घेऊन आले. त्या गर्दीत त्यांनाही घास मिळाला नव्हता.

"पावणं, जेवा. काय झालं?"

"काम थांबवलं, आण्णा. मीच. तुमच्या कार्याचाही विचका केला."

"कसला विचका! माज्यासाटी येवढी मानसं भांडली. जन्मात कुनी भांडलं न्हवतं." सासरे हसले. "आन काम चुकणार व्हतं तर थांबवलं, ते ब्येस केलं."

पुढं ते काम झालं. ज्यांना एकच खातं हवंय तेवढे ओळीत लावायचे आणि बाकीचे मोकळे सोडायचे, अशी त्यांनी तोड काढली. पद्धत सुरू झाली, साहेबांचा राग उतरला आणि त्यांनी साडूंना बेंगळूरला बोलावून घेतलं.

पुढच्या वर्षी शहात्तरावा आला. शहात्तराव्याला कोण येतं? शिवाय वार कामाचा. सासरे सकाळपासून इस्त्रीचा नेहरू शर्ट घालून ओसरीवर बसले होते. माझी बायको, मी, आणि बेंगळूरहून एकटेच आलेले साडू, एवढीच माणसं. साडू लॅपटॉप न आणता आले होते. ते आण्णांशेजारी खुर्ची ओढून बसले आणि जेवणं झाली तरी तिथंच राहिले. सासरे डेअरीतल्या एका हरवलेल्या म्हशीची लांबलचक हकीकत सांगत होते; मधेच थांबून, कुणी हाक मारतंय का म्हणून दाराकडं बघत होते. दारात कुणी नव्हतं.

"मग, आण्णा?" साडू म्हणाले. "म्हैस सापडली का? सावकाश सांगा."