राखाडी घर

माझी मावशी नगरपालिकेच्या नियोजन विभागात पाहणीचं काम करते. बसथांबा कुठे हवा, दिवे कुठे, हे दारोदार विचारायचं आणि साहेबांचं डोकं खाऊन आराखड्यात घालायला लावायचं, यात तिचा हात धरणारं कोणी नाही. दोनदा जाऊन कुलूप दिसलं तर घर रिकामं धरायचं, हा नियमही तिचाच.

काल तिने नवा नकाशा कौतुकाने घरी आणून पसरला. राहती घरं हिरवी, रिकामी राखाडी. तिचं स्वतःचं घर राखाडी!

"या गल्लीत कोण फिरलं होतं? डोळे फुटले होते का त्याचे?" मावशी कडाडली.

काका जेवण गरम करत होते.

"त्याच्यावर कशाला चिडतेस?" ते म्हणाले. "मी कामावरून येतो, तेव्हा मलाही रोज कुलूपच भेटतं."